तलत महमूदच्या गझला पुन्हा एलपीवर : अडीच हजार कशाचे?

सुई आणि खाच

परवा इथे चर्चामंचावर स्पष्टवक्ता यांनी तलत महमूदच्या नव्याने छापून आलेल्या एलपींवर (लाँग प्ले तबकड्यांवर) जे लिहिलं, ते वाचून गप्प बसवेना. तिथे प्रतिसादात मावणार नाही म्हणून वेगळा धागा काढतोय. ज्यांच्या नजरेतून ते सुटलं असेल त्यांच्यासाठी, त्यांचं म्हणणं असं : ही गाणी कारवांमध्ये (जुनी गाणी भरून मिळणाऱ्या त्या रेडिओसारख्या डब्यात) आहेत, मोबाइलवर फुकट आहेत, मग अडीच हजार मोजून तीच काळ्या तबकडीवर घेणं ही निव्वळ दिवाणखान्यात मिरवायची हौस. आणि जाता जाता टोला, की "तसाही तलत चार गाण्यांच्या पुढे ऐकवत नाही, सगळं एकसुरी रडगाणं."

मिरवणारे असतात, त्यांच्या बाजूने मी भांडणार नाही. पण ते 'चार गाण्यांच्या पुढे ऐकवत नाही' मला झोंबलं. आपण तलतला ओळखतो ते सिनेमातून, आणि सिनेमात त्याच्या वाट्याला बहुतेक हरलेल्या नायकाचं गाणं आलं. हा माणूस त्याच्या आधी दहा वर्षं गात होता. १९३९ साली लखनौ रेडिओवर मीर, दाग, जिगर यांच्या गझला, तेव्हा मिसरूड फुटायचं वय. १९४१ला एचएमव्हीची पहिली तबकडी. १९४४ला कमल दासगुप्तांच्या चालीवर 'तस्वीर तेरी दिल मेरा बहला न सकेगी' आणि देशभर नाव. मुंबईत अनिल विश्वासांकडे 'आरज़ू'मधलं 'ऐ दिल मुझे ऐसी जगह ले चल' गायला तोवर १९५० उजाडलं होतं. म्हणजे मुळात हा रेडिओचा आणि तबकडीचा गायक. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची सवय त्याच्या गळ्याला लागलीच नाही. माइकला जवळ घेऊन एकाच माणसाला ऐकू जाईल असं गायचं, ही त्याची रीत.

असा आवाज मोबाइलवरच्या मिसळ यादीत मार खातो. आधी ढोलकीचं गाणं, नंतर तलत, पुढे ऑर्केस्ट्रा दणाणतोय. मग तो मिळमिळीत वाटणारच. एलपीची एक बाजू सलग ऐका. वीसेक मिनिटं फक्त तोच, मागे थोडी व्हायोलिनं आणि गिटार. सुरुवातीला मन इकडेतिकडे जातं, मग कान त्या पातळीला उतरतो आणि एका शेरातला आर्जव आणि दुसऱ्यातला राग वेगळा ऐकू यायला लागतो. हो, राग. तलत चिडतो तेव्हा आवाज आणखी खाली नेतो.

आता माझं खरं दुखणं. 'शाम-ए-ग़म की क़सम' घ्या ('फ़ुटपाथ', १९५३, ख़य्याम). ताल धरायला तबला नाही, त्यामुळे आवाज उघडा पडलाय. 'क़सम'मधला शेवटचा 'म' ऐका. ओठ मिटतात, पण मिटल्या ओठांमागे सूर अजून किंचित हलत असतो आणि हलता हलता विरतो. माझ्याकडच्या जुन्या तबकडीवर तो विरतो. नव्याने 'स्वच्छ' केलेल्या एका आवृत्तीत तो 'म' कात्रीने कापल्यासारखा थांबतो. करकर गेली, तिच्याबरोबर तलतही गेला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : या गझला पुन्हा एलपीवर यायलाच हव्यात, पण आवाज कुठून घेतला आणि त्याचं काय काय केलं हे वेष्टनावर छापा. माझ्याकडच्या नव्या एलपीवर गायकाचा हातभर फोटो आहे. याबद्दल एक ओळ नाही.

स्पष्टवक्ता

माझ्यावर धागा काढलात, ठीक. पण तुम्ही माझीच बाजू मांडली आहे हे तुमच्या लक्षात आलं का? आवाज कुठून घेतला ते छापलेलं नाही, म्हणजे बहुधा जी फाइल मोबाइलवर फुकट वाजते तीच प्लास्टिकवर कोरून तुम्हाला अडीच हजारांना दिली. कापलेला 'म' तबकडीवर गेला म्हणून जुळून येतो का? मग हौस नाही तर काय म्हणायचं?

आणि एकसुरी हा शब्द मी मागे घेत नाही. रफीने दुःखही गायलं आणि शम्मी कपूरही गायला. तलतला साठ सालानंतर कामं का मिळेनाशी झाली याचा विचार करा. तो एकाच खोलीत राहिला.

कागलकर

साठ सालानंतर? १९६०ला 'उसने कहा था'मधलं 'आहा रिमझिम के ये प्यारे प्यारे गीत' लताबरोबर कोण गातंय? त्यात रडणं दाखवा. १९६१ला 'छाया'तलं 'इतना न मुझसे तू प्यार बढ़ा', सलिल चौधरींनी मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीवरून घेतलेलं, त्याचा वेग बघा. १९६४ला 'जहाँ आरा'साठी मदन मोहननी तलतलाच धरलं, आणि 'फिर वही शाम वही ग़म' आजही तबकडीवरनं उठून अंगावर येतं. सिनेमा पडला, गाणी नाही पडली. जमाना आरडाओरड्याचा आला म्हणून मंद आवाजाचा माणूस खुजा होत नाही, राव. आमच्याकडं रंकाळ्यावर संध्याकाळी कोण रफीचा शम्मी कपूर लावत नाही.

मिक्सरमागचा

ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात आहे म्हणून दोन गोष्टी, कारण धागाकर्त्यांनी 'स्वच्छ करणे' या गोष्टीलाच गुन्हेगार ठरवलंय.

पहिली. १९४४ची तबकडी टेपवर मुद्रित झालेली नाही, तेव्हा आपल्याकडे टेप नव्हती. गायलं की थेट तबकडीवर कोरलं जायचं. मूळ धातूचा साचा हाती असेल तर उत्तम, नसेल तर लाखेची बाजारातली तबकडी वाजवूनच नक्कल करावी लागते. ७८ची (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीची) खाच रुंद, तिला साधारण तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते, एलपीला एक मिलची. एलपीच्या सुईने ७८ वाजवली की ती खाचेच्या तळाशी घासते आणि नुसती धूळ ऐकू येते. अशा कच्च्या नकला मी ऐकल्या आहेत. पाच मिनिटांत कान उठतात. त्यातला खरखराट काढणं हा रसिकांवर उपकारच आहे.

दुसरी. तलतचं कंपन सफाईने जातं ही समजूत चुकीची. कंपन म्हणजे सेकंदाला पाचसहा वेळा सूर किंचित वरखाली होणं. करकर काढणारं तंत्र त्याला हात लावत नाही. जातं ते शेपूट. आवाज अगदी हळू होतो तिथे यंत्राला तो आणि मागची सळसळ वेगळी ओळखता येत नाही, दोन्ही एकदम उडतात. श, स, ख़ यांची धारही बोथट होते. हा यंत्राचा दोष नाही, बटण किती फिरवायचं हे न कळणाऱ्या हाताचा आहे.

सुई आणि खाच

मिक्सरमागचा, तुमचं दुसरं वाचून मला बरंच वाटलं, कारण मी तेच लिहिलं होतं : शेवटचा 'म'. तलतच्या गाण्यात शेपूट काढून घेतलं तर उरतं काय? इतर कुणाचा स्वर मधोमध भरलेला असतो, याचा कडेला असतो. तुम्ही धंद्यातले आहात, तुम्हीच सांगा, बटण कमी फिरवायला जास्त पैसे पडतात का?

मिक्सरमागचा

पैसे नाही, वेळ पडतो. यंत्रावर सोडलं तर गाणं दहा मिनिटांत हातावेगळं होतं. एकेक कट्‌कट हाताने काढायची तर एका गाण्याला दिवस जातो. आणि दिवसाचे पैसे कोणी देत नाही, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. दोनशे गाण्यांचं काम आठवड्यात मागणारे लोक मी बघितले आहेत.

पेटीमास्तर

सगळे करकर आणि सळसळ यावर भांडत आहेत. पट्टीबद्दल कोणी बोलणार आहे का?

मी चाळीस वर्षं हार्मोनियम शिकवतो. विद्यार्थी मोबाइलवरचं गाणं घेऊन येतात आणि म्हणतात, सर, हे पेटीशी जुळत नाही. जुळणार कसं? जुन्या तबकड्या सगळ्या नेमक्या अठ्ठ्याहत्तरच्या वेगाने मुद्रित झालेल्या नव्हत्या, आणि नक्कल करणाऱ्यानेही वेग तपासलेला नसतो. अठ्ठ्याहत्तरच्या जागी त्र्याऐंशीच्या आसपास फिरली की काळी एकची पांढरी दोन होते, म्हणजे अर्धा सूर वर. नुसती पट्टी चढत नाही, गळ्याचा पोतच बदलतो. तलतसारखा मऊ, छातीतून येणारा आवाज अर्धा सूर चढवला की पोरसवदा लागतो, आणि कंपनही जलद होतं. मग लोक म्हणतात हा बकरीसारखा गातो. बकरी तलत नाही, बकरी ती चुकीच्या वेगाची नक्कल आहे. वेष्टनावर छापायचंच तर मूळ पट्टी छापा. गाणाऱ्या पोरांना त्याचा उपयोग होईल.

शेवंता

पट्टी छापा, यंत्र छापा, सगळं छापा. माणसांची नावं कधी छापणार?

'तस्वीर तेरी'चा कवी फ़ैयाज़ हाशमी. वरच्या एकाही प्रतिसादात त्यांचं नाव नाही, आणि हे सगळे दर्दी लोक आहेत. मोबाइलवर गाणं लावा : गायकाचं नाव, सिनेमाचं नाव, संपलं. जुन्या तबकडीच्या लेबलावर निदान गीतकार-संगीतकाराला जागा असायची. तिथेही सगळं गोड नव्हतंच. 'महल'च्या 'आएगा आनेवाला'च्या तबकडीवर लताबाईंच्या जागी पडद्यावरच्या पात्राचं, कामिनीचं नाव होतं. लताबाईंना त्यासाठी झगडावं लागलं. वादकांसाठी झगडणारं कोणीच नव्हतं.

माझे आजोबा व्हायोलिन वाजवायचे. रोजंदारीवर, ताडदेव, दादर, अंधेरी, जिथे बोलावणं येईल तिथे. घरी जुनी गाणी लागली की एखाद्या ठिकाणी हात वर करून म्हणायचे, "हा गज माझा." आम्हाला कधी पडताळून बघता आलं नाही, कारण कुठेही एक नाव लिहिलेलं नाही. ते गेले तेव्हा त्यांनी वाजवलेल्या गाण्यांची यादी करावी असं आईच्या मनात होतं. चार गाण्यांवर ती थांबली. तुमच्या अडीच हजारांच्या वेष्टनात आतला कागद असतो ना? तो कोरा का असतो?

माळवी मनू

शेवंताताई, शंभर टक्के. पण मला वेगळंच विचारायचंय. हिंदीच्या एलपी परत येतायत, गझला परत येतायत. मराठी भावगीतांनी काय पाप केलंय? 'शुक्रतारा मंद वारा' १९६२चं. शब्द पाडगावकरांचे, चाल खळेकाकांची (श्रीनिवास खळे), आवाज अरुण दाते आणि सुधा मल्होत्रांचा. 'भातुकलीच्या खेळामधली', 'दिवस तुझे हे फुलायचे', यशवंत देवांच्या चाली. प्रेमगीतं सलग ऐकायची तर यापेक्षा सुंदर बाजू कुठली? पण आमच्या मराठी माणसाला तलतसाठी गळा काढायचाय. आपला दाते कुणाला आठवत नाही.

स्पष्टवक्ता

दाते चांगलेच. पण खरं सांगायचं तर दाते म्हणजे मराठीतला तलत. तोच मंद स्वर, तीच लकब. मूळ ऐकायला मिळत असताना छाप का ऐकायची?

माळवी मनू

हे तुम्ही शुद्धीत लिहिलंत?

अरुण दाते इंदूरचे. रामूभैया दात्यांचा मुलगा. ज्या घरात कुमार गंधर्वांचं येणंजाणं, त्या घरात कानावर काय पडलं असेल याची तुम्हाला कल्पना आहे? तलत त्यांना आवडायचे, त्यांनी ते लपवलं नाही. आवडणं आणि छाप असणं यात फरक असतो. 'शुक्रतारा' लावा आणि 'लाजऱ्या' म्हणताना बघा, तिथे उर्दूची नजाकत नाही, मराठी घरातला संकोच आहे. तो तलतला गाता आला नसता. 'या जन्मावर, या जगण्यावर' तलतच्या आवाजात कल्पून बघा, जमतंय का. एक जण आयुष्यावर प्रेम करायला सांगतो आणि तुम्ही त्याला रडगाण्याची नक्कल म्हणता.

माझ्या काकाच्या लग्नात 'शुक्रतारा' वाजलं, माझ्या लग्नात वाजलं. तलत कुणाच्या लग्नात वाजवतात?

कागलकर

धागा तलतचा आहे, लग्नाचा नाही. आणि तलतनं मराठी गायलंय हे माहीत आहे का? 'यश हे अमृत झाले' ऐका. परक्या भाषेत एक अक्षर घसरत नाही. उगाच 'तलतला गाता आलं नसतं' म्हणू नका.

माळवी मनू

ऐकलंय. लहानपणापासून. उच्चार चोख आहेत, हे मानलं. पण एका गाण्यावरून कोणी भावगीत गायक होत नाही. आणि विषय मी काढला कारण प्रश्न तोच आहे : कुणाचं परत छापायचं हे ठरवतं कोण? खप. हिंदीला खप आहे म्हणून तुम्हाला 'म' कापला गेला याची तक्रार करता येते. आमची तबकडीच निघत नाही, आम्ही तक्रार कशाची करायची? इंदूरला, बडोद्याला, बेळगावला भावगीतांवर जगणारी घरं आहेत. विचारलंय का कोणी त्यांना?

शेवंता

मनू, निघेल तेव्हा त्यावर खळ्यांचं नाव गायकाएवढ्या अक्षरात असेल याची खात्री द्या, मी पहिली घेईन. नसेल तर घेणार नाही.

न्यूजर्सीकर

इकडचा एक अनुभव सांगतो, दोन्ही बाजूंना लागू आहे. फ्रँक सिनात्राची १९५५ची 'इन द वी स्मॉल अवर्स' माझ्याकडे आहे. सोळा गाणी, सगळी एका मूडची, मध्यरात्रीनंतरच्या एकटेपणाची. नेल्सन रिडलने वाद्यमेळ त्या हिशेबाने बांधलाय. तिथे कोणी 'चार गाण्यांच्या पुढे एकसुरी' म्हणत नाही, कारण एकच सूर धरून ठेवणं हाच त्या तबकडीचा हेतू होता. तलतच्या गझलांना हाच न्याय लावला पाहिजे. फरक एवढाच की सिनात्राने ती सोळा गाणी एकत्र ऐकण्यासाठीच निवडली होती. तलतच्या एलपीवर जे एकत्र येतं ते सुटं सुटं, तीनतीन मिनिटांच्या तबकड्यांसाठी गायलेलं, पुढे दुसऱ्याच कुणीतरी गोळा केलेलं. तेव्हा क्रम कोणी लावला, कुठल्या विचाराने, यावर सगळं अवलंबून आहे.

आता दुसरी बाजू. मोबाइल फिडेलिटी नावाची कंपनी महागड्या पुनर्मुद्रणांसाठी प्रसिद्ध. लोक समजत होते की हे सगळं मूळ टेपवरून थेट तबकडीवर, मध्ये संगणक नाही. २०२२ मध्ये उघड झालं की मध्ये डिजिटल टप्पा होता, आणि बरीच वर्षं होता. ग्राहकांनी कोर्टात दावे लावले. पण त्याच तबकड्यांच्या 'ॲनालॉग' ऊबेची वाखाणणी तेच लोक वर्षानुवर्षं करत होते. कानाला कळलं नव्हतं.

स्पष्टवक्ता

वाचलंत? कानाला कळलं नव्हतं. हेच मी परवापासून सांगतोय. धागाकर्त्यांना डोळे मिटून जुनी तबकडी आणि मोबाइल ओळखायला लावा.

सुई आणि खाच

लावा. जुनी लाखेची तबकडी मी पहिल्या सेकंदाला ओळखेन, ती करकरते. पण परीक्षा ती नाहीच. डिजिटल टप्पा मध्ये आला तरी माझी तक्रार नाही, नीट केलेली डिजिटल नक्कल मला चालते. मोबाइल फिडेलिटीवर लोक चिडले ते आवाज वाईट होता म्हणून नव्हे, सांगितलं एक आणि केलं दुसरं म्हणून. माझी मागणी तीच आहे. सांगा. तबकडीवरून घेतलं की साच्यावरून, वेग कसा ठरवला, सफाई कोणी केली. पेटीमास्तरांची पट्टी आणि शेवंताताईंचे वादक त्याच कागदावर बसतात, जागा भरपूर आहे.

क्रमाबद्दल न्यूजर्सीकर म्हणतात ते बरोबर. माझ्याकडच्या एलपीवर १९४४ची गझल आणि नंतरची, भरगच्च वाद्यांची गझल शेजारी ठेवली आहे. विशीतला गळा आणि पक्व गळा, मध्ये काही सेकंदांची शांतता. काळाच्या क्रमाने लावली असती तर तो आवाज वयात येताना ऐकू आला असता.

आणि मनू, दात्यांबद्दल माझं तुमच्याशी भांडण नाही. 'शुक्रतारा'ची नीट केलेली एलपी आली तर तलतच्या शेजारीच ठेवेन.

पेटीमास्तर

साच्यावरून घ्यायचं तर साचे शिल्लक हवेत. जे साचे गेले त्यांच्यासाठी संग्राहकांकडे जा. मुंबईत १९९० पासून रेकॉर्ड संग्राहकांची सोसायटी आहे, सुरेश चांदवणकर वगैरेंनी मिळून सुरू केलेली. अशा लोकांनी चोरबाजारातून, भंगारातून उचललेल्या तबकड्या कंपनीच्या कपाटातल्या नकलेपेक्षा चांगल्या निघू शकतात. त्यांना विचारा, पैसे द्या, आणि नाव छापा.

मिक्सरमागचा

मास्तरांशी सहमत. एकाच गाण्याच्या तीनचार तबकड्या मिळाल्या तर एकीतला चरा दुसरीतून भरता येतो, यंत्राने कापायची गरजच कमी होते. पण मग गाण्याला एक दिवस नाही, तीन लागतात. अडीच हजारांत ते बसणार असेल तर मी किमतीच्या बाजूने आहे.

स्पष्टवक्ता

ठीक आहे. तबकड्या गोळा करून, पट्टी तपासून, वादकांच्या नावांसकट एलपी आली तर तिला मी हौस म्हणणार नाही. तेवढं काम झालेलं असेल तर अडीच हजार जास्त नाहीत. पण तशी एलपी आज बाजारात नाही, आज आहे ती कोऱ्या कागदाची, आणि तिच्याबद्दलचं माझं मत कायम आहे. तलत एकसुरी वाटतो हेही कायम. रिमझिम वगळून.

कागलकर

रिमझिम वगळलंत, आता 'जहाँ आरा' वगळा.

माळवी मनू

दात्यांना 'छाप' म्हणालात ते कधी मागे घेताय?